दोन कार्डं आणि माझी खोली

घाटंजीच्या आमच्या घरात उन्हाळ्यात अंग टेकण्यासारखी खोली एकच आहे, उत्तरेकडची. तिच्या खिडकीत कूलर आहे आणि गल्लीत उघडणारं एक वेगळं दार आहे. नवरा गेल्यापासून माझी खाट तिथंच असते. गेल्या उन्हाळ्यात ती तिथून हलवायचं घाटत होतं, आणि कारण सांगत होते नातीच्या कॉम्प्युटरचं.

नात त्यावर खेळ खेळते आणि लोक ते आपापल्या घरी बसून पाहतात. लोकांना इतका रिकामा वेळ कुठून मिळतो, हे विचारणं मी सोडून दिलं आहे. या कामासाठी तिच्या मशीनमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. म्हणायला कार्ड, पण विटेसारखं जड, आणि त्याला स्वतःचे पंखे. एक कार्ड खेळ चालवतं, दुसरं तो लोकांपर्यंत पोचवतं. मशीन आधी बैठकीत होतं. ऊन तापलं तसं ते खेळता खेळता बंद पडायला लागलं.

मुलगा मला म्हणाला, "आई, मशीन तापून राह्यली. तिले कूलर पाह्यजे. तू बैठकीत झोपत जाय."

हाच मुलगा रोज त्या मशीनला भंगारात घालायची भाषा करायचा. आता त्याला मशीनचं अंग तापलेलं दिसलं. सुनेनं त्या दिवशी साखर किती घालू, असं विचारून मला चहा दिला. इतक्या वर्षांत ते कधी विचारलं नव्हतं. माझ्या मनात तिथंच खुटखुट सुरू झाली. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

टेबल आणि मशीन माझ्या खोलीत आलं. खाट भिंतीला सरकली. नातीनं मशीनच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि मुलानं कूलरचं तोंड त्यावर वळवलं. नात बिचारी खूश होती. तरी मशीन बंद पडायचं ते पडायचंच.

मी खाटेवर पडून सगळं पाहत होते. एका दुपारी मुलानं गल्लीच्या दाराच्या कडीला तेल घातलं. ते दार कित्येक वर्षं बंद होतं. मशीनला दार कशाला लागतं, ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस गल्लीत उभा राहून त्याच दाराकडे पाहत होता. नळ कधी येतो, असं त्यानं सुनेला विचारलं. कोण होता म्हणून मी विचारलं, तर पत्ता चुकलेला होता म्हणाली. पत्ता चुकलेल्याला आमच्या नळाशी काय करायचं होतं?

आठ-दहा दिवसांनी नातीनं मशीन साफ करायला घेतलं. मला टॉर्च धरायला लावली. दोन्ही कार्डं एकावर एक, बोटही जाणार नाही इतकी जवळ बसवलेली होती.

"हे पाय आजी," ती म्हणाली. "वरच्याचे पंखे खाली तोंड करून हायेत. खालचं कार्ड तापते, आन् वरचं तेच गरम वारं ओढते. दुकानवाल्यानं जवळजवळ बसवून देल्ली, आन् मीबी पाह्यलं नाई."

मग ती बोटानं कार्डावरची पांढरी पूड पुसू लागली. कूलरमध्ये आम्ही बोअरचं पाणी भरतो आणि ते जड आहे. कूलरच्या गवती ताट्यांवर जशी पांढरी खपली धरते, तशीच पूड आत बसली होती. ओल्या वाऱ्याबरोबर पाण्यातला क्षार आत जातो आणि मशीन खराब होतं, असं तिनं सांगितलं. खालचं कार्ड काढून तिनं सगळ्यात खालच्या खाचेत बसवलं. मध्ये हात जाईल एवढी जागा झाली. ती खाच थोडी हळू चालते म्हणे, पण दुसऱ्या कार्डाच्या कामाला पुरते. संध्याकाळपर्यंत ती खेळली, मशीन एकदाही बंद पडलं नाही.

"बैठकीतच बरं हे," ती म्हणाली. "कूलरपासून दूरच पाह्यजे."

रात्री जेवताना मी मुलाला विचारलं, "मशीनले कूलर चालत नाई म्हणे. मंग माही खोली कायले पाह्यजे होती?"

तो भाकरी मोडत राहिला. सून म्हणाली, "आई, भाजी घ्या न."

"भाजी हाय माह्या ताटात. त्याले बोलू दे."

मग निघालं ते. शाळेत बदली होऊन आलेले एक मास्तर खोली शोधत होते. वेगळं दार असलेली खोली त्यांना पसंत होती. किराया ठरायचाच बाकी होता. मशीनच्या नावानं आधी माझी खाट बैठकीत न्यायची, मग मशीनही बाहेर काढायचं, असं ठरलं होतं. नात बापाकडे पाहतच राहिली. तिचं मशीन यात कशाला ओढलं, असं ती विचारत होती. तिला खरंच काही माहीत नव्हतं, असं मला वाटतं. पक्कं सांगत नाही.

मुलगा म्हणाला, "तुले इचारलं असतं त तू नाई म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं," मी म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

मशीन दुसऱ्या दिवशी बैठकीत गेलं आणि माझी खाट कूलरसमोर परत आली. बैठकीतून जाताना मी अजून मशीनच्या मागे हात लावून पाहते. ते पुन्हा तापायला लागलं, तर कार्डं तपासायच्या आधी मुलाला विचारीन. गल्लीच्या दाराला आतून माझी लोखंडी पेटी लावली आहे. कडीला तेल घातलेलं आहे, पण पेटी ओढायला दोन माणसं लागतात.