वर झालेला हात

शांतवन इंगळे गेल्याची वार्ता मला त्यांच्या पत्नीकडून, लीलाबाईंकडून, कळली. सकाळची उपासना आटोपून मी नुकताच अंगणात येऊन बसलो होतो, तोच फोन वाजला. लीलाबाई रडत नव्हत्या. "गुरुजी, तुमचे दोस्त गेले. चहा घेतला, खुर्चीवर बसले, अन् बसल्या बसल्या मान टाकली..." एवढे बोलून त्या थांबल्या आणि दबल्या स्वरात त्यांनी विचारले, "आधी कोणाले सांगू? पाळकसाहेबाले का करुणेले?" करुणा ही त्यांची एकुलती एक मुलगी. बापाच्या निधनाची वार्ता आधी चर्चच्या मंडळीला, तिच्या पाळकांना, कळवावी की पोटच्या मुलीला, असा प्रश्न नुकत्याच विधवा झालेल्या स्त्रीला पडावा, यातच माझ्या मित्राच्या आयुष्याची अखेरची वर्षे सामावलेली होती. "आधी मुलीला," मी म्हणालो. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शांतवन घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या पंचांपैकी एक होते. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. माझे वडील धर्मोपदेशक असूनही यवतमाळच्या एका शास्त्रीबुवांच्या चरणांशी बसून संस्कृत शिकले होते, आणि तीच विद्या माझ्याकडे आली. शास्त्रीबुवांनी वडिलांना, आणि वडिलांनी मला, पहिल्याच पाठात एक गोष्ट बजावली होती की, देवाचे नाव घेताना शेजारी कोण ऐकतो आहे याकडे कान जाऊ देऊ नये. शांतवनांना ही शिकवण कोणी दिली होती कोण जाणे, पण ती त्यांच्या रक्तात होती. एकदा उपासनेत प्रार्थना करीत असता ते वाक्याच्या मध्येच थांबले आणि खाली बसले. बाहेर आल्यावर मी कारण विचारले. "गुरुजी, माह्या प्रार्थनेले मागून कोनी तरी 'वा' म्हनलं. मले गोड लागलं. मंग मी देवाशी कुठी बोलून राह्यलो होतो? त्या मानसाशीच बोलत होतो ना!" धर्माचा ध्वज मिरवीत चालणाऱ्याला जुने पंडित धर्मध्वजी म्हणत, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते मनसोक्त हसले. "म्हणजे झेंडेवाला! गुरुजी, आपल्या मंडळीत काठ्या पुरनार नाईत."

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. ज्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर वाटून घेण्याचा विधी, असतो, त्याच्या आदल्या शनिवारी सायंकाळी तयारीची सभा भरते. पाळक विचारतात, "कोणाच्या मनात कोणाविषयी काही आहे काय?" ज्याच्या मनात असेल त्याने उभे राहावे, सांगावे, समेट करावा आणि मगच दुसऱ्या दिवशी प्रभूच्या ताटातील भाकर घ्यावी. ही रीत घालून देणाऱ्यांच्या हेतूपुढे मी आजही मस्तक नमवतो. परंतु माझ्या आठवणीत तरी या प्रश्नाला सर्वांनी एका सुरात "काही नाही" असेच उत्तर दिलेले आहे. शेजारी शेजाऱ्याचा हात हाती घेतो, आणि बाहेर पडताच सांडपाण्यावरून कालचे भांडण जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू होते.

मंडळीचा एक नियम असाही होता की, ज्याने मंडळीबाहेर विवाह केला त्याचे नाव नोंदीतून कमी करावे आणि त्याला भाकर देऊ नये. मार्थाबाई नावाच्या एका विधवेच्या मुलाने देवळात जाऊन एका हिंदू मुलीच्या गळ्यात माळ घातली, तेव्हा पंचांनी हात वर करून त्याचे नाव काढले. त्या हातांत शांतवनांचाही हात होता. नियम म्हणून त्यांनी तो वर केला होता, आणि तेव्हा त्यांच्या मनात संशय नव्हता. पुढे दोन-तीन वर्षांनी करुणेने, जी परिचारिका झाली होती, रफीक नावाच्या मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या तरुणाशी कचेरीत नोंदणी करून लग्न केले. शांतवनांनी रफीकला पारखून घेतले होते. कचेरीत जाण्यापूर्वी त्यांनी दोघांना घरी जेवू घातले, मुलीच्या मस्तकावर हात ठेवला आणि "सुखी राहा" म्हणून आशीर्वाद दिला. हे लीलाबाईंखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. गावाला ठाऊक होती ती फक्त मार्थाबाईंची वाणी. भर बाजारात त्यांनी शांतवनांना अडवले होते. "कंपाउंडर, माह्या पोराच्या वक्ताले तुमचा हात वर होता. आता पाहू हात कुठी जाते ते!"

मी त्या काळी बाभुळगावच्या शाळेत होतो. करुणेच्या लग्नानंतर पंचांच्या सभेत काय घडले ते शांतवनांनीच मला पुढे सांगितले. कोणी काही बोलण्यापूर्वीच ते उभे राहिले आणि आपल्या मुलीचे नाव कमी करण्याची सूचना त्यांनी स्वतः मांडली. पहिला हातही त्यांचाच वर झाला. सभा गहिवरली. पाळकांनी त्यांना छातीशी धरले. असा निःपक्षपाती पुरुष या तालुक्यात नाही, असे लोक म्हणू लागले. आपल्याला कोणी ढोंगी म्हणू नये, एवढ्या एका भयापोटी माझ्या मित्राने आयुष्यातले सर्वांत मोठे ढोंग केले, आणि हे त्या दिवशी सर्वांआधी ज्यांना कळले त्या मार्थाबाई होत्या. त्या फाटकाशी थांबल्या होत्या. "मले वाटलं होतं तुमी हात खाली ठेवसान," त्या म्हणाल्या. "मंग मी भांडली असती, माह्या पोरालेही परत आनलं असतं. तुमी तं दोघायलेही बुडवलं, कंपाउंडर..." त्या बाई ओरडल्या असत्या तर बरे झाले असते, असे शांतवन म्हणत. त्या अगदी हळू बोलल्या होत्या.

करुणा नवऱ्यासह फुलसावंगीला राहायला गेली. शांतवन एस.टी.ने तिच्या दारी गेले. तिने त्यांना ओसरीवर पाणी दिले, आत बोलावले नाही. "बाबा, मी पाप केलं असं तुमाले खरंच वाटलं असतं, तं मी गप बसली असती. पन तुमी घरी आशीर्वाद देल्ला अन् तिथं हात वर केला. मंग खरं कोनतं?"

"घरचं," शांतवन म्हणाले.

"मंग थे तिथं जाऊन सांगा. नाव परत आलं की या. मी सोता सैपाक करीन."

त्यानंतर माझ्या मित्राला या जगात दुसरे काही हवे नव्हते. पुढच्याच तयारीच्या सभेत, पाळकांनी नेहमीचा प्रश्न विचारताच, ते उभे राहिले. मी तोवर सेवानिवृत्त होऊन घाटंजीस परतलो होतो आणि त्यांच्या शेजारीच बसलो होतो. "माह्या मनात आहे," ते म्हणाले. "मी माह्या पोरीले आशीर्वाद देल्ला होता, अन् तुमच्या डोळ्यांसाठी तिच्याविरुद्ध हात वर केला. थो हात खोटा होता. तिचं नाव परत घ्या. मार्थाबाईच्या पोराचंही घ्या." क्षणभर मला वाटले, आता काही तरी घडेल... पाळक डोळे पुसत म्हणाले, "पाहा, केवढी ही नम्रता!" नावांविषयी मात्र ते म्हणाले की नियमाचा प्रश्न आहे, विचार करावा लागेल.

विचार होत राहिला. शांतवन दर तयारीच्या सभेत उभे राहत आणि तेच सांगत. प्रथम लोक अस्वस्थ झाले, मग सरावले, आणि मग, हे लिहिताना हात जड होतो, त्यांना ते आवडू लागले. बाहेरगावचे उपदेशक आले म्हणजे त्यांना सांगण्यात येई, "आमच्याकडे एक भाऊ आहेत, त्यांची साक्ष ऐका." एका शनिवारी कोणी तरी त्यांचे बोलणे मोबाइलवर टिपले आणि ते चहूकडे पसरले. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन ते ओट्यावर बसले. "गुरुजी, माहं पापही आता लोकायले गोड लागून राह्यलं. अन् खरं सांगू? काल उभा राह्यलो तवा मी आवाज जरासा बारीक केला होता. कायले केला? त्यायले रडू यावं म्हनून." त्या शनिवारनंतर ते पुन्हा उभे राहिले नाहीत. रविवारी भाकरीचे ताट आले की ते न घेता पुढे देत. लोकांनी त्यातही सात्त्विकता पाहिली. मग ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागले आणि ताट निघण्यापूर्वी निघून जाऊ लागले. त्याचीही कीर्ती झाली. ज्या बाजूला वळावे तिथे आरसा उभा, अशी त्यांची गत झाली होती, आणि मी त्यांचा मित्र असून त्यांना एकही आरशाविना वाट दाखवू शकलो नाही. एवढे संस्कृत शिकलो, पण अशा वाटेचे नाव मला कुठे सापडले नाही.

अधूनमधून ते फुलसावंगीला जात. घरी नव्हे, रफीकच्या गॅरेजवर. एकदा मीही सोबत होतो. रफीकने हात पुसून स्टूल पुढे केले. "बैठो बाबूजी, चाय मंगाता हूं. वो मान जाएगी एक दिन." शांतवन चहा घेत, सुट्या पडलेल्या चाकांकडे बघत बसत आणि शेवटच्या गाडीने परतत. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "पोरगी बराबर आहे, गुरुजी. मी नुसतं बोललो. नाव काई परत आनलं नाई."

दफनाच्या दिवशी उपासनामंदिर भरून गेले होते. पाळकांनी मोठ्या तळमळीने भाषण केले. सत्यासाठी ज्याने पोटच्या मुलीचीही गय केली नाही, असा हा विश्वासू सेवक, असे ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते, हे अधिक दुःखाचे. मी मागे वळून पाहिले. करुणा दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी उभी होती. आत येण्यास तिला कोणी मनाई केली नव्हती, आणि आत ये, असेही कोणी म्हटले नव्हते. तिने ते सर्व ऐकले.

माती दिल्यावर ती आईजवळ घरी आली. लोक पांगल्यावर तिने मला विचारले, "गुरुजी, बाबा शेवटी भाकर घेत होते का?"

"नाही. कितीक वर्षांपासून नाही."

"काहून?"

"तुझ्यासाठी," मी म्हणालो.

तिच्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच ती सहन होत नव्हती. "माह्यासाठी, का त्यायच्या मनाले बरं वाटावं म्हनून?" लीलाबाई आतून म्हणाल्या, "पोरी, गेलेल्या मानसाले असं इचारू नये." "त्यायले नाई इचारून राह्यली, आई. गुरुजीले इचारून राह्यली." मी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. पण या प्रश्नाचे उत्तर शांतवनांनाही ठाऊक नव्हते, हे मला ठाऊक होते. ती सायंकाळच्या गाडीने परत गेली.

त्यानंतर मंडळीची सभा झाली. दाराजवळच्या त्या बाकावर शांतवनांच्या नावाची पितळी पट्टी बसवावी, खाली 'नम्र सेवक' असे शब्द असावेत, अशी सूचना आली. मी म्हणालो, आधी करुणेचे आणि मार्थाबाईंच्या मुलाचे नाव परत घ्यावे, हीच त्यांची इच्छा होती. "गुरुजी, तो विषय निराळा," पाळक सौम्यपणे म्हणाले. "आज दुःखाचा प्रसंग आहे." सर्वांचे हात वर झाले. माझे दोन्ही हात मांडीवर होते. चिटणीस हसून म्हणाले, "गुरुजींचा खांदा दुखतो, त्यांचा हात वरच समजा," आणि त्यांनी 'सर्वानुमते' असे लिहिले. माझा खांदा दुखत नाही, असे मी स्पष्ट सांगितले. त्यावर मंडळी प्रेमाने हसली.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होते. आदल्या सायंकाळी तयारीच्या सभेत कोणाच्याही मनात काही नव्हते. पट्टी बसवलेल्या त्या बाकावर आता कोणी बसत नाही. भाकरीचे ताट घेऊन येणारा सेवक रांगा संपवून त्या रिकाम्या बाकापाशी आला, मान लववून क्षणभर थांबला आणि मगच मागे फिरला. त्याला तसे करण्यास कोणी सांगितले होते की नाही, ते मला माहीत नाही. मंडळीने मात्र माना वळवून ते पाहिले, आणि पुष्कळांचे डोळे पाणावले.