डोंगरापलीकडचं नाव

आमच्याकडं बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाच्या कानात 'कुर्र' करून आत्यानं जे नाव सांगितलं ते सांगितलं; मग आजी बदलू शकत नाही की गावचा पाटील. नाव तोंडातून निघतं न निघतं तोच बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. ते कशासाठी, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. माझ्या भाच्याच्या बारशाला मात्र मी ते पुरेपूर कमावले होते.

माझं सासर नेरळ आणि माहेर शेलूजवळचं खेडं, त्यामुळं मनात आलं की मी माहेरी हजर. वहिनीचं तसं नव्हतं. तिचं गाव माथेरानच्या पलीकडं, खालापूर तालुक्यात, प्रबळगडाच्या पायथ्याला. पहिली दोन बाळंतपणं रीतीप्रमाणं तिकडं झाली. दोन्ही मुलगे. एकही बारशापर्यंत पोचला नाही. दोघांना तिथंच डोंगराखाली पुरलं. आमच्यापैकी कुणी त्यांचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

माझ्या आईनं निकाल देऊन टाकला, तिथलं पाणी बाधतं. तिसऱ्या खेपेला तिनं वहिनीला माहेरी पाठवलं नाही, आणि त्यानंतर सणासुदीलाही नाही. त्या गावाचा विषय घरात काढायचा नाही, असा दंडकच झाला. माझा भाऊ मिठाची गुळणी धरून बसला. त्या कामात तो पहिल्यापासून तरबेज.

हा तिसरा मुलगा आमच्या घरी झाला आणि जगला. आईला त्याचं नाव दगडधोंड्याचं ठेवायचं होतं, म्हणजे कुणाची नजर लागणार नाही. बारशाच्या सकाळी मी घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसले होते. वहिनी बाळाला घेऊन शेजारी टेकली.

"वन्सं, याचं नाव प्रबळ ठेवाल?"

"अगं, तो डोंगर ना तुमच्याकडचा?"

"व्हय. दारात उबी ऱ्हायले का समोर दिसायचा. हितनं माथेरान आडवं येतं."

मी म्हटलं, आई माझा जीव घेईल. ती म्हणाली, "माजी दोगं त्याच्या पायाशी हायेत. त्यांना तर नावं पन मिळाली नायत. निदान त्या जागेचं नाव तरी या घरात निगू दे."

मला भीती वाटली, हे खरं. नाव माझ्या तोंडून जाणार. पोराला काही झालं असतं तर सगळ्यांचं बोट माझ्याकडं वळलं असतं. तरी दुपारी पाळण्याशी वाकले आणि तेच नाव सांगितलं. धपाटे पडले. त्यातला आईचा कोणता, ते मला न बघता कळलं. त्या दिवशी तिनं घुगऱ्या तोंडात घातल्या नाहीत.

नातवाला ती नुसतं 'अरं' म्हणायची. पोर रांगतं होतं तोवर ते भागलं. पुढं ते गावभर हिंडायला लागलं, आणि आईनं बांधावरून 'अरं' म्हटलं की आळीतली सगळी पोरं मान वळवायची. एक दिवस वैतागून तिनं हाक मारलीच, "पबळ्या! जेवाय ये रं!" एकदा तोंड उघडल्यावर मग दिवसभर तेच. मी कधी गेले की माझ्याकडं बघून आवाज जरा बारीक करायची, इतकंच.

मुलगा शाळेत जायला लागल्यावर त्याला कुणीतरी सांगितलं की तुझ्या नावाचा डोंगर आहे. त्यानं आजीचा पिच्छा पुरवला, "आजे, माजा डोंगर कुटं हाय? तू बगितलास?" आईनं दोनतीनदा त्याला हुसकून लावलं. दिवाळी आली तशी भावाला म्हणाली, "मायलेकरांना सोडून ये तिकडं, तिच्या माहेरी."

मायलेकरं परत आली तेव्हा मी भाऊबिजेसाठी घरी होते. आईनं त्यांना अंगणातच थांबवलं. पोराचं कपाळ चाचपलं, पोट चाचपलं. पोर उलट गुटगुटीत होऊन आलं होतं. मग वहिनीकडं न बघताच विचारलं, "त्या दोगांची जागा दावलीस का गं त्याला?"

इतक्या वर्षांत त्या दोघांचा उल्लेख तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"दावली."

"काय हाय तितं?"

"गवत," वहिनी म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागली. मलाही रडू आवरलं नाही.

आईनं पोरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग ती पुन्हा आत गेली, भाकरीचे आणखी दोन तुकडे घेऊन आली, आणि माथेरानकडं तोंड करून एकेक ओवाळून टाकला.