तेहतीस इंची टायरवर सही नाही

जालन्याला बसस्टँडमागे सरिताच्या बाबांचं पंक्चरचं दुकान होतं. शाळेतून आल्यावर दप्तर टायरच्या थप्पीवर फेकायचं आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, असं तिचं बालपण गेलं. ते ती लपवत नाही. समोरचा नाक मुरडणारा दिसला, तर मुद्दाम आधी तेच सांगते. त्याच दुकानाच्या जिवावर तिनं डिप्लोमा केला. आज सिंगापूरला वुडलँड्समधे, बागा राखणाऱ्या एका कंपनीच्या पंधरा गाड्या तिच्या ताब्यात आहेत. गाडीत कसलाही बदल करायचा, तर फॉर्मवर तिची सही लागते.

त्यातली एक पिकअप चिखलाच्या साइटसाठी रीतसर परवानगी काढून जमिनीपासून दोन इंच उंच करून घेतलेली होती. मागच्या उघड्या हौद्यात रोज सहा माळी, त्यांची फावडी आणि खताची पोती.

एका सकाळी ऑपरेशन्स मॅनेजर निशिकांत वर्कशॉपमधे आला. पुण्याचा माणूस, बुटांना कधी धूळ नाही. सोबत टायरच्या दुकानदारानं नमुन्याला दिलेला एक भलामोठा टायर.

"सरिता, बघ काय चीज आहे! तेहतीस इंची. आत्ताचे तीसचे टायर या उंच गाडीखाली अगदीच बारके दिसतात गं. मालकांना फोटो दाखवला, जाम खूश. तू फक्त टायरची कंपनी निवड आणि सही करून टाक."

"दिसायला घ्यायचेत की चालवायला, सर?"

"दोन्ही. मोठा टायर चिखलात रुतत नाही."

"खोल नक्षीचा घेतला तर तीसचाही रुतत नाही."

ती तिथंच उकिडवी बसली. दोन्ही टायरांवर खडूनं खूण केली आणि फरशीवर दोघांना एकेक पूर्ण फेरी मारायला लावली. मोठा टायर पाऊण फूट पुढं जाऊन थांबला. मग बाजूच्या सगळ्यांना कळावं म्हणून ती हिंदीत बोलू लागली.

"वेगाचा काटा फेऱ्या मोजतो, सर. टायर केवढा आहे ते त्याला कळत नाही. काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी सहासष्टनं पळत असेल. टायर जड, ब्रेक मात्र जुनेच. मागं सहा माणसं."

"मग रफिकुलला सांगू, जरा हळू चालव."

रफिकुल, पिकअपचा बांगलादेशी ड्रायव्हर, हात पुसत बाजूलाच उभा होता. "काटा ही झूठ बोलेगा तो हम क्या देख के चलाएगा, दीदी?"

गाडीची वाट बघत थांबलेले माळी खो खो हसले. निशिकांतचे कान लाल झाले.

"पंक्चरच्या दुकानातलं ज्ञान इथं पाजळू नकोस," बाकीच्यांना कळू नये म्हणून तो मराठीत म्हणाला. "तुझ्या पासच्या रिन्यूअलचा अर्ज माझ्या टेबलावर पडलाय, लक्षात आहे ना? सहा आठवडे राहिलेत."

लक्षात नसायला काय झालं? तिच्याच पासवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, नवरा उज्ज्वल इथं राहत होता आणि सात वर्षांची लेक अवनी शाळेत जात होती. सरिताचं डोकं तापलं.

"करते सही," ती म्हणाली. मराठीत नव्हे, सगळ्यांना कळेल अशा हिंदीत. "असे चार टायर मागवून इथंच आवारात चढवू. रफिकुल काटा चाळीसवर नेऊन ब्रेक मारेल. तुम्ही मागं बसायचं. हौद्यात, फावड्यांशेजारी."

निशिकांतनं हौद्याकडं पाहिलं. "मी कशाला बसू मागं?"

"मग हे का बसतात?"

निशिकांतनं फॉर्म पुढं ढकलला. "नाटकं पुरे. तू नाही केलीस तर दुसरा करेल."

"करू दे की." तिनं फॉर्म ओढला. सहीच्या जागी ठळक अक्षरांत 'नकार' लिहिलं, खाली कारणं, मग आपलं पूर्ण नाव. फोटो काढून मालकांना पाठवला आणि कागद परत दिला. "माझा नकार डावलून हेच टायर हवे असतील, तर आता याच्या खाली तुम्ही सही करा, सर. जागा सोडलीय."

निशिकांतनं खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं, कागद पुन्हा वाचला, टोपण लावलं आणि निघून गेला. शुक्रवारी मालकांच्या सांगण्यावरून तो नमुन्याचा टायर दुकानदार घेऊन गेला आणि तीस इंची, खोल नक्षीचे चार टायर आले. सरितानं ते स्वतः चढवले.

पासचा अर्ज मात्र हलला नाही. सोमवारी निशिकांतनं केबिनमधे बोलावलं. "चारचौघांत अपमान केलास माझा. सॉरी म्हण, आज पाठवतो."

"माझं गणित कुठं चुकलं ते दाखवा, लगेच म्हणते."

त्यानं संगणकाकडं तोंड फिरवलं. ती उठली.

घरी येऊन तिनं दुसऱ्या कंपनीचा अर्ज उघडला. सध्याची नोकरी का सोडताय, या रकान्यात तिनं लिहिलं: असुरक्षित टायरवर सही करायला सांगितली, मी केली नाही.

उज्ज्वल खांद्यावरून वाचत होता. "अगं, असं लिहितं का कुणी? लोक 'प्रगतीसाठी' वगैरे लिहितात. घाबरतील ते."

"जे घाबरतील त्यांच्याकडं मला जायचंच नाही," ती म्हणाली, आणि अर्ज पाठवून दिला.