जो हलत नाही, तो उरतो

फोनमधले फोटो आणि मित्रांमधले किस्से, दोन्ही कधी साठतात कळत नाही. परदेशात, पॉइंट कुकला राहणारे आम्ही तिघं: शिल्पा, नंदन आणि मी. एखादी वस्तू मध्ये ठेवायची, फोन घेऊन तिच्याभोवती फिरत शंभर-दीडशे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर ते जोडून तिचं थ्री-डी मॉडेल करायचं, हा आमचा वीकेंडचा नाद. मी सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे संशय घ्यायचाच पगार मिळतो मला. तरीही यातले काही किस्से मला अजून निकालात काढता आलेले नाहीत.

*

पहिला, शिल्पाच्या पितळी तांब्याचा. चकचकीत वस्तूचं मॉडेल नीट येत नाही, भोकं पडतात. नंदनने डोकं लढवलं आणि तांब्यावर तांदळाचं पीठ भुरभुरवलं. निम्मं फरशीवर सांडलं.

तेवढ्यात नागपूरहून आलेल्या शिल्पाच्या सासूबाई बाहेर आल्या आणि ओरडल्याच, "अगं, घरात असं पीठ पसरतात ते माणूस गेल्यावर! वर टोपली झाकायची आणि सकाळी बघायचं, कसलं पाऊल उमटलंय ते. कोणी पसरलं हे?"

नंदनने हसत हात वर केला!

*

मग शिल्पाच्या सहा वर्षांच्या इराचं मॉडेल. "अजिबात हलू नकोस," असं शंभरदा बजावलं होतं, पण पोरगी मध्येच वळली. मॉडेलमध्ये एका मानेवर दोन चेहरे आले! शिल्पा घाईघाईने ते पुसून टाकायला निघाली.

इरा शांतपणे म्हणाली, "डोंट, मम्मा. दॅट्स मी. अँड शी वॉज बिहाइंड मी."

*

नंदनच्या भाड्याच्या घराचं मॉडेल केलं, तर बेडरूमच्या भिंतीपलीकडे आणखी एक खोली निघाली. कपाटाला मोठा आरसा होता. आरशातलं सगळं कॉम्प्युटरला खरंच वाटतं, तो त्याचीही खोली बांधून मोकळा होतो. "भाडं तेवढंच, रूम एक्स्ट्रा!" म्हणून आम्ही खूप हसलो.

त्या खोलीचं दार उघडं होतं. खऱ्या बेडरूमचं दार तर आम्ही बंद करून फोटो काढले होते. मी तेव्हा म्हणाले, मध्येच कोणीतरी उघडलं असेल. घरात आम्ही तिघंच होतो.

*

नंदनचे बाबा वाईला. कारखान्यात मशिनमध्ये सापडून त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेलेली. धाकट्या बहिणीला, मेधाला, नंदनने त्या पायाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढायला लावले. त्यावरून इथे मॉडेल केलं आणि गेलेल्या बोटांच्या जागी चपलेत बसेल असा तुकडा थ्री-डी प्रिंट करून पाठवला.

बाबांचा फोन आला, "आता पाऊल पुरं पडतंय रे!" नंदन आठवडाभर हवेत होता.

*

नंदन त्यांना दर रविवारी फोन करायचा. वाईत सकाळचे नऊ, आमच्याकडे दुपारचे अडीच. वाईच्या घरात रेंज फक्त बेडरूमच्या खिडकीशी, म्हणून बाबा नऊच्या आधीच तिथे जाऊन उभे राहायचे.

एका रविवारी आम्ही वेरिबीजवळच्या बीचवर एका खडकाचं मॉडेल करत होतो. फोटो काढताना मध्ये कॉल नको म्हणून नंदनने फोन एअरप्लेन मोडवर टाकला. टाक म्हणणारी मीच. मॉडेलमध्ये बीचवरची सगळी गर्दी गायब झाली. गळ टाकून बसलेला एक म्हातारा तेवढा आला. "जो हलत नाही, तो उरतो," मी ऐटीत समजावलं.

घरी पोचल्यावर नंदनला फोन आठवला. "जाऊ दे, पुढच्या रविवारी बोलेन."

गुरुवारी बाबा गेले.

*

व्हिसा अडकला होता, त्यामुळे नंदनला जाता आलं नाही. त्याने मेधाला एकच विचारलं, "त्या रविवारी बाबांनी माझ्या फोनची वाट पाहिली का गं?"

"नाही रे दादा. झोपले होते ते."

बाबा गेले त्या बेडरूममध्ये पीठ पसरलं होतं. टोपली उचलल्यावर मेधा म्हणाली, "काही उमटलं नाही. सपाट आहे." नंदनने तरीही चहूबाजूंनी फोटो मागवले. आम्ही तिघांनीही पाहिले. सपाटच होतं.

नंदनने मॉडेल केलं, त्याचा रंग काढून टाकला आणि प्रकाश बाजूने टाकला. पिठात एक पाऊल होतं. डावं, तीन बोटांचं.

नंदनने बाबांच्या पायाचं जुनं मॉडेल उघडलं आणि त्या खळग्यावर ठेवलं. ते बरोब्बर बसलं. मग त्याने हळूहळू खोलीचा अंदाज घेतला: इकडे दार, इकडे पलंग. पाऊल खिडकीकडे तोंड करून होतं.

त्याने स्पीकरवर वाईला फोन लावला. "मेधा, खरं सांग. त्या रविवारी...?"

मेधा रडायलाच लागली. "साडेअकरापर्यंत उभे होते रे."

मग फोन नंदनच्या आईंनी घेतला. त्यांना मॉडेलचं कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

"नंदन, रविवारी नऊला फोन कर रे. मी आता त्या खिडकीशी जात नाही. तिथे जागा नसते."