पिठाच्या डब्यावरचा शब्द

जानेफळच्या सिंधूताईला सही करता येत नाही. बँकेत गेली की ती शाईच्या पॅडवर अंगठा दाबते आणि पदराला पुसत बाहेर येते. पण याच सिंधूताईला हजारभर इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ आहेत, आणि ही माझी फेकाफेक नाही. गेल्या वर्षापर्यंत सोयाबीनच्या वावरात निंदायला बसलेल्या बायका तिला मुद्दाम छेडायच्या, "सिंधे, हट्टी मानसाले काय म्हंते वं?" ती खुरपं न थांबवता "ऑबस्टिनेट" म्हणायची. "अन् कमी बोलनाऱ्याले?" "लॅकोनिक." बायका हसून हसून लोळायच्या. "मंग आपल्यात तसं कोनीच नाही," असं एकजण म्हणायची आणि पुन्हा हशा व्हायचा. यंदा कुणी विचारलं तर सिंधूताई खाली मान घालून निंदत राहते. असं का, तेच सांगायचं आहे.

तिचा मुलगा संघपाल बी.एस्सी. झालेला. आकडेमोड त्याच्या हातचा मळ. बँकेच्या परीक्षेत गणिताचे प्रश्न तो चुटकीसरशी सोडवायचा, पण दरवर्षी इंग्रजीला येऊन अडायचा. शाळा सगळी मराठीतून झालेली, घरी वर्तमानपत्रसुद्धा येत नव्हतं, आणि परीक्षेत विचारणार असे शब्द, जे इंग्रजाच्या पोरालाही आजीला विचारावे लागतील. असे शब्द माहीत असले म्हणजे माणूस काउंटरवर नोटा नीट देतो, हा शोध कुणी लावला कोण जाणे.

बुलढाण्याला क्लास लावला तेव्हा तिथल्या सरांनी सांगितलं, रोज दहा कठीण शब्द लिहायचे आणि घरभर डकवायचे. संघपालने पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या कापल्या, मैद्याची खळ शिजवली आणि दोन खोल्यांचं घर शब्दांनी भरून टाकलं. चौकट, माठ, शिलाई मशीन, खुंटी, कशालाच सोडलं नाही. त्याचा बाप जानराव गवंडी. तो म्हणाला, "मी जगाच्या भिती गुळगुळीत करतो अन् माह्याच घराले खरूज झाली." पण त्याने एकही चिठ्ठी काढली नाही, उलट कामावरून आला की हात धुतल्याशिवाय भिंतीला टेकायचा नाही.

चिठ्ठीवर नुसता शब्द असायचा, अर्थ वहीत. सकाळी संघपाल वही मोठ्याने वाचायचा आणि सिंधूताई भाकरी थापता थापता ऐकायची. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण जागा ओळखू येत होती. कोणत्या जागेवर कोणता शब्द आणि त्याचा अर्थ काय, हे तिच्या कानात जाऊन बसलं. मग एक दिवस तिनेच विचारलं, "माठ?" संघपालने माठावरचा शब्द सांगितला आणि अर्थ सांगितला. "बरोबर हाय," ती म्हणाली. "खुंटी?" त्याने सांगितलं. "चूक. पाह्य वहीत." त्याने पाहिलं, खरंच चूक होतं. त्या दिवसापासून घरात आईच परीक्षक ठरली. नियमही ठरला, की ओळीने तीन वेळा आईने 'बरोबर' म्हटलं की चिठ्ठी भिंतीवरून उतरायची आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जायची. सिंधूताई नियमाला पक्की होती. पोटच्या पोराला तिने अर्ध्या अर्थावर कधी सोडलं नाही.

पिठाच्या डब्यावर 'एनर्व्हेट' होता. त्याचा अर्थ संघपालने पहिल्यांदा वाचला, अंगातलं बळ काढून घेणे, तेव्हा तिचा हात पिठातच थांबला. "असा बी शब्द असते इंग्रजीत?" ती म्हणाली. "दिवसभर निंदून आलं का जे होते, थेच हे." हजारात तिला आवडलेला तो एकच शब्द असेल. दोन वेळा संघपालने तो बरोबर सांगितलाही.

गेल्या वर्षी संघपालचं वय तेहतिसाला टेकलं. सवलतीची वर्षं धरूनही ही शेवटची संधी होती. पोरगं वाळून गेलं होतं. जेवताना ओठ हलायचे, झोपेत काहीतरी पुटपुटायचा. परीक्षेला चार दिवस उरले असताना दुपारी सिंधूताईने विचारायला सुरुवात केली आणि त्याचे ओळीने पाच शब्द चुकले. पाचव्या वेळी 'चूक' म्हटल्यावर त्याने स्वतःच्या कपाळावर इतक्या जोरात मारलं, की बाहेर जानराव उठून उभा राहिला. "माह्या डोक्यात काहीच राहून नाही राह्यलं आई," तो म्हणाला. तेहतीस वर्षांचा बाप्या माणूस, पण आवाज पाचवीतल्या पोराचा झाला होता.

तिला वाटलं, ओळखीचा सोपा शब्द विचारावा, म्हणजे याला धीर येईल. "पिठाचा डबा?"

"एनर्व्हेट," तो म्हणाला. "अंगात बळ भरणे. ताकद देणे."

सरळसरळ उलटं. सिंधूताईने तोंड उघडलं, आणि समोर त्याचे डोळे दिसले. आता आणखी एकदा 'चूक' म्हटलं तर हे पोरगं परीक्षेलाच जायचं नाही, अशी तिची खात्री पटली. तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं ते ज्याचं त्याने पाहावं. ती म्हणाली, "बरोबर हाय."

त्याने लांब श्वास सोडला. उठून चिठ्ठी खरवडून काढली आणि बिस्किटांच्या डब्यात टाकली. त्या दिवशी तो दोन भाकरी जेवला.

दुसऱ्या दिवशी तिने आडून सांगून पाहिलं, "थो पिठाच्या डब्यावरचा एकडाव वहीत पाहून घे बरं." संघपाल हसला. "थो झाला ना आई, तूच तं पास केला." हसणं तिला कितीतरी महिन्यांनी दिसलं होतं. तिने पीठ मळायला घेतलं. परीक्षेच्या दिवशी स्टँडवर एसटी लागली तेव्हा मात्र तिला राहवेना. ती खिडकीपाशी गेली, तर जानरावने दंड धरला. "आता काही सांगू नको त्याले. डोकं शांत राहू दे." गाडी मेहकरकडे निघून गेली. हजार शब्दांत एक तो, तोच कशाला येईल, असं ती घरी येईपर्यंत मनाला सांगत राहिली.

संध्याकाळी तो आला. तिने पाण्याचा तांब्या देतानाच विचारलं, "डब्यावरचा आला होता का रे?"

तांब्या तोंडाला लावून तो बराच वेळ पाणी प्यायला. मग म्हणाला, "नाही आला."

तिचा जीव भांड्यात पडला. पुढचे कितीतरी दिवस ती सुखात होती, हे मुद्दाम सांगतो, कारण तसे दिवस तिच्या वाट्याला फार आले नाहीत.

निकाल लागला तेव्हा संघपालने मोबाइल बापाच्या हातात दिला, जणू बापाला त्यातलं कळणार होतं. इंग्रजीत पाऊण मार्काने गेला होता. एक उत्तर बरोबर आलं की एक मार्क, चुकलं की पाव मार्क कापतात. म्हणजे एकच चुकलेला शब्द बरोबर आला असता, तरी पोरगं बँकेत बसलं असतं. "नशीब," जानराव म्हणाला आणि थापी घेऊन कामावर निघून गेला. तो तिथे बसून तरी काय करणार होता?

दोन दिवसांनी संघपाल ओलं फडकं घेऊन भिंतीवरच्या उरलेल्या चिठ्ठ्या काढायला लागला. सिंधूताईही दुसरं फडकं घेऊन शेजारी उभी राहिली. खळ घट्ट बसली होती, चिठ्ठी निघाली तरी कागदाचा पांढरा डाग भिंतीवर राहत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून आणि दुसरं काही बोलायला येईना म्हणून, तिच्या तोंडून सवयीने गेलं, "माठ?"

त्यानेही सवयीने सांगितलं. "बरोबर. चौकट?" त्याने सांगितलं. "बरोबर." मग तिला स्वतःलाच कळलं नाही की तिने ते का विचारलं. "पिठाचा डबा?"

संघपालचं फडकं भिंतीवरच थांबलं.

"एनर्व्हेट," तो म्हणाला. "अंगातलं बळ काढून घेणे."

सिंधूताई त्याच्याकडे वळली. वही तर परीक्षेच्या आधीच कपाटात गेली होती. "कवा समजलं तुले?"

"पेपर सुटल्यावर. गाडीत बसून मोबाइलवर पाह्यलं."

"मंग थो पेपरात नाही आला म्हनून मले काऊन सांगतलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. हातातली चिठ्ठी खरवडत तो एवढंच म्हणाला, "तू काऊन म्हंतलं होतं, बरोबर हाय?"