आत्याबाईचा फडका

आमची आत्याबाई माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायची. आधी डोकं. कोणी दारात उभा राहिला की तिची नजर सरळ टोपीवर, मग टोपीच्या काठाला लागलेल्या घामावर, मग कपाळावर, आणि तिथवर काही खोट सापडली नाही तरच खाली डोळ्यांवर. भली भली माणसं तिच्यापुढे चुळबुळ करायची. माझे वडील म्हणजे तिचा सख्खा भाऊ, पण तेही तिच्यासमोर येताना टोपी नीट करून येत.

ती टोप्या शिवायची. आमगावला आमच्या घराच्या छपरीत तिची हातमशीन असे, शेजारी टोपीला आकार देण्याचं लाकडी कलबूत, आणि बाजाराच्या दिवशी हे सगळं बाजारात. बांबूला टोप्या लटकलेल्या, खाली पोत्यावर ही बसलेली. पंचक्रोशीत तिला 'टोपीवाली बाई' म्हणत. दुकान पुरुषांचं आणि बसणारी बाई, म्हणून आधी लोक हसले असतील. मला आठवतं तेव्हापासून तरी कोणाची हसायची हिंमत नव्हती.

टोपी विकण्याची तिची तऱ्हा काही औरच होती. गिऱ्हाइकानं रंग मागायचा नाही, तिनं सांगायचा. "बंडी कोन्ती घालतेस गा? कोट हाय का? कोन्ता? धोतराची किनार कोन्ती?" एवढं विचारून झालं की म्हणायची, "जा, कोट घेऊन ये. अन् बायकोलेई घेऊन ये. टोपी तू घालशीन, पन धुवा तं तिलेच लागते." काळी टोपी काळ्या कोटावर चांगली, पण धानाच्या खळ्यावर गेलात की भुसा दिसतो. पांढरी सगळ्यांत देखणी, पण ती रोज धुवायची आणि पुढे पुढे ती घालणं म्हणजे सरकारशी वैर. कत्थ्याच्या रंगाची बंडीवर शोभते, कचेरीत नाही. हे सगळं ती एखाद्या वैद्यासारखं सांगे आणि मगच कापड काढी.

फक्त एका मागणीवर ती भडकायची. गोंदियाकडचा कोणी व्यापारी येऊन म्हणायचा, "बाई, ऐसा रंग दो जो सब पे जमे. एकही टोपी रखनी है." झालं! हातातली कैची खाली. "सप्पावर जमते असा रंग मायाकडं नाही. सप्पावर जमते तो रंग कोनाचाच नसते, अन् तो घालनारा मानूसई कोनाचा नसते." तो बिचारा राखी टोपी मागत असे, खून मागत असल्यासारखं त्याला हाकलून दिलं जाई.

याचं कारण घरात कोणी बोलत नसे. आत्याबाई कुंकू लावायची, पण नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नाही. एकदाच, मी लुगडं नेसायला लागले तेव्हा, आपणहून म्हणाली, "सौंदडच्या टेशनावरून गेला तो. राखी टोपी होती. मीच शिवली होती, सप्पावर जमते म्हनून. एकच टोपी, पोरी, पन दोन घरांले पुरली." मग मशीन चालवायला लागली.

आता फडक्याचं सांगते, कारण सगळी कथा त्या फडक्याची आहे. कापडवाल्यांच्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कापड आलं की ती भाताची गरम पेज घ्यायची, कापडाचं टोक त्यात बुडवायची आणि एका पांढऱ्या फडक्यावर खसाखसा घासायची. रंग उतरला की त्या डागावर काळ्या दोऱ्यानं फुली मारायची आणि कापड परत. फडका वर्षानुवर्षं तोच. लाल, जांभळे, हिरवे डाग आणि प्रत्येकावर फुली. "हे सप्पा लबाड," ती बोट ठेवून दाखवायची, "एकेकाचं नाव सांगू सकते मी."

माझ्या लग्नाची वेळ आली तेव्हा हाच फडका मध्ये आला. बघायला आलेला मुलगा पाय धुवायला परसात गेला की खुंटीवरची त्याची टोपी आत्याबाईच्या हातात. पेज तयारच असे. पहिल्या मुलाचा काळा रंग उतरला. "पह्यल्याच पान्यात!" म्हणून तिनं भर बैठकीत फडका फडकावला. दुसऱ्या मुलाची टोपी पक्की होती पण अस्तरावरची घामाची रेघ भलत्याच मापाच्या डोक्याची होती, म्हणजे टोपी मागून आणलेली. तोही गेला. गावात हसू झालं, वडील कपाळाला हात लावून बसले. पण मी मनातून तिच्याच बाजूची होते. आत्याबाईनं पारखलेला माणूसच मला हवा होता. दुसऱ्या कोणावर माझाही विश्वास नव्हता. तिच्याच हाताखाली वाढलेली ना मी!

तिसरे आले सालेकशाचे मास्तर. बेचाळीसच्या नंतरचं वर्ष होतं ते. मास्तर उंच, बोलायला कमी आणि डोक्यावर काय, तर राखी टोपी! म्हटलं, हा तर दारातूनच परत जाणार. त्या दिवशी बैठकीत मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे दिवाणजीही होते. गावातल्या कुठल्याही सोयरिकीला ते न बोलावता यायचे, आणि इथे ऐकलेलं तहसिलीत पोचवायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनीच मास्तरांना विचारलं, "टोपीचा रंग असा कायले घेतला मास्तर?"

"एकच टोपी परवडते," मास्तर म्हणाले. "काळी उन्हात विटते, पांढरी रोज धुवावी लागते. ही शाळेतही चालते, लग्नातही आणि मयतीलाही." चालते! मी स्वयंपाकघराच्या दाराआडून आत्याबाईकडे बघितलं. तिचा चेहरा दगडाचा.

मास्तर परसात गेले. आत्याबाईनं टोपी आत आणली, चुलीपाशी बसली. आधी बोटांनी काठ दाबत गेली. एका जागी थांबली, पुन्हा दाबलं. मग टोक पेजेत बुडवलं आणि फडक्यावर घासलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं, फडक्यावर राखी डाग उमटला. चांगला रुपयाएवढा. तिनं टोपीचं ओलं टोक डोळ्यांजवळ नेलं, नखानं धागा उकलून पाहिला, आणि फडका घडी करून कमरेला खोचत ती परसात जाऊन आली.

बाहेरून दिवाणजींचा आवाज आला, "काय बाई, टोपी काय म्हन्ते? आजकाल मास्तर लोकांचा भरोसा नाही."

आत्याबाई टोपी घेऊन बैठकीत गेली. म्हणाली, "घासून पायलं म्या. रंग पक्का हाय. भाऊ, पोरगी देऊन टाक." आणि ती टोपी तिनं मास्तरांच्या हातात न देता त्यांच्या डोक्यावर स्वतः ठेवली. मास्तरांचं तोंड पडलं होतं.

माझं काय झालं असेल, सांगा. जिनं साऱ्या जगाला लबाड ठरवलं, ती माझ्याच वेळी खोटं बोलली. आणि मी बोलू शकले नाही. बोलायला जावं तर बापाची अब्रू. लग्न ठरलं, झालं. आहेरात लोकांनी भांडी दिली, आत्याबाईनं जावयाला छत्री दिली. तीही उन्हाळ्यात. मी म्हटलं, आता हिचं डोकंही फिरलं.

सालेकशाला संसार मांडला आणि माझा संशय दिवसाला वीतभर वाढायला लागला. मास्तर टोपीला हात लावू देईनात. "मी धुते," म्हटलं की, "नको, राहू दे." आभाळात कापसाएवढा ढग दिसला की छत्री उघडायचे. एकदा वाटेत सर आली तर टोपी काढून सदऱ्याच्या आत लपवली आणि डोकं भिजवत घरी आले. बाकी माणूस भला, आवाज चढवत नसे, ताटातलं टाकत नसे. पण उन्हातून आले की कपाळावर राखी रेघ. ते गुपचूप पुसायचे, मी गुपचूप बघायचे. उतरणारा रंग! आणि हा रंग पक्का म्हणून मला दिला होता.

त्यात भर म्हणजे, आमगावच्या बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की मास्तर गाडी पकडून निघायचे. कुठे? "आत्याबाईंकडे. टोपीचा टाका उसवला आहे." दर बाजाराला टाका कसा उसवतो? मला आत्याबाईच्या नवऱ्याची आठवण व्हायची. एकच टोपी, दोन घरं. कोण आहे ती दुसरी, आणि आत्याबाई कशी काय हे पोटात घालून बसली आहे, या विचारानं मला अन्न गोड लागेना.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी मीच आमगावला गेले, न सांगता. बांबूवर बघते तर राखी टोप्या! एक नाही, पाच-सहा. आणि माझ्यासमोर एक माणूस येऊन म्हणाला, "बाई, सब पे जमे ऐसी टोपी है क्या?" आत्याबाई भडकली नाही. तिनं मुकाट्यानं मागची एक टोपी काढून त्याला दिली. तो टोपी न घालताच, पिशवीत टाकून गेला.

"आत्याबाई, राखी टोप्या तू कधीपासून शिवायला लागलीस?"

"गिराईक मांगते."

"आणि माझ्या नवऱ्याचा रंग?"

"पक्का हाय म्हनलं ना व."

"मी फडका पाहिला होता. डाग पाहिला होता. तू खोटं बोललीस."

ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "पायला तं पायला. घरी जाय. कोनाजवळ बोलू नोको."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भर बाजारात मी तिला म्हणाले, "तुला माझं ओझं झालं होतं तर विहिरीत ढकलायचं होतंस. तुझ्यासारखंच माझं व्हावं, हेच तुला हवं होतं!" हातानं ती मशीनचं चाक फिरवत होती. ते चाक थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच डोक्याकडे नाही, सरळ डोळ्यांकडे. मग पुन्हा चाक फिरवायला लागली. मी उठून गाडीला गेले.

त्यानंतर मी तिच्याकडे गेले नाही. निरोप आले, मी टाळले. त्याच पावसाळ्यात तिला ताप आला आणि तीन दिवसांत ती गेली. मी पोचले तेव्हा छपरीत कलबूत तेवढं राहिलं होतं. मास्तर माझ्या आधीच तिथे होते आणि माझ्याहून जास्त रडत होते. खरं सांगते, मला त्या रडण्यातही काळंबेरं दिसलं.

तीन वर्षं अशीच काढली. मग सत्तेचाळीसच्या ऑगस्टातली ती सकाळ आली. शाळेत झेंडा लागायचा होता. मी उठून बघते तर मास्तर अंगणात सोड्याच्या पाण्यात टोपी धूत बसलेले. बादलीतलं पाणी निळंकाळं. मी धावत गेले. त्यांनी टोपी पिळून वर धरली. पांढरी! जाड्याभरड्या खादीची पांढरी टोपी, नीळ जरा जास्त झाल्यासारखी.

"शाळेच्या शाईच्या वड्या," ते म्हणाले. "डोक्यावर खादीशिवाय दुसरं घालणार नाही अशी शपथ होती, आणि पांढरी घातली तर नोकरी जात होती. म्हणून शाईत बुडवली. आणि काठात कागद असायचे." चळवळीची पत्रकं. आत्याबाईच्या बोटांना पहिल्याच दिवशी लागली होती ती. धागा उकलून तिनं हातसुताची खादी ओळखली होती. दिवाणजी उंबऱ्याबाहेर बसलेले असताना.

"त्या दिवशी परसात येऊन त्या मला म्हणाल्या," मास्तर सांगत होते, "'मास्तर, तुमचा रंग कच्चा हाय, पान्यात जाऊ नका. दोन घरं कराचा इचार हाय का?' मी म्हटलं, काम एक, घर एक. तर म्हणाल्या, 'मंग ठीक. पोरीले काही सांगू नका. तिच्या तोंडावर सप्पा दिसते. संशय दिसला तं दिसू द्या, बायकोचा संशय पोलिसाले नवा नसते.'" पुढची पत्रकं तीच टोप्यांत शिवत होती. ज्या मागणीवर ती जन्मभर चिडली, तीच तिनं खुणेची केली. सप्पावर जमते असा रंग मागेल, त्याला राखी टोपी द्यायची.

मग मास्तरांनी पेटीच्या तळातून तो फडका काढला. जाण्याआधी तिनं तो त्यांच्याकडे दिला होता, माझ्यासाठी. मी जमिनीवर पसरला. लाल, जांभळे, हिरवे डाग, सगळ्यांवर काळ्या फुल्या. आणि एका कोपऱ्यात तो रुपयाएवढा राखी डाग, त्यावर फुली नव्हती. जन्मात एकाच कच्च्या रंगावर तिनं विश्वास ठेवला, आणि मी, तिनं वाढवलेली, भर बाजारात तिला काय काय बोलले! ते शब्द ऐकूनच ती गेली, आणि मला माफी मागायलाही जागा राहिली नाही.

शाळेची वेळ होत आली होती. मास्तर एकुलता एक तपकिरी कोट घालून, ओलसर टोपी हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले. "या कोटावर पांढरी चालेल का?" त्यांनी विचारलं.

"सप्पावर चालते," मी म्हणाले. आवाज अगदी तिचाच निघाला, आणि मग मी फडका तोंडाला लावून जी रडायला लागले, ती शाळेची घंटा झाली तरी थांबले नाही.