कोनं पाह्यलं?

मला बघायला आले तेव्हा मामाजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आमच्या गोंदियाच्या घरी पोहे पुढे ठेवलेले, आई माझं कौतुक सांगत होती, आणि हे गृहस्थ उठून बैठकीच्या भिंतीवर बोटाने टकटक करत होते.

"भाऊ, इथं आतून पाणी मुरून राह्यलं," ते माझ्या वडिलांना म्हणाले.

"मिस्त्री तर नाही म्हणतो."

"मिस्त्री म्हंते. पन आत कोनं पाह्यलं?"

लग्न ठरलं, पण मुलीचा सासरा संशयी आहे हे माहेरी सगळ्यांच्या मनात बसलं.

ते खोटं नव्हतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. कालव्यांचे इंजिनिअर म्हणून सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात परसवाडा, रामपायलीकडे नोकरी केली आणि निवृत्त होऊन बालाघाटला राहिले. घरात नवी वस्तू आली की आधी त्यांच्या हातून जायची. गॅसची नळी वाकवून बघायची, पंख्याला लोंबकळायचं, सासूबाईंच्या इंजेक्शनवरची तारीख नर्सला मोठ्याने वाचायला लावायची. माझी मुलगी मीनू शाळेत जायला लागली, तेव्हा पहिल्या दिवशी ते स्वतः ऑटोत बसले आणि भर चौकात चालकाला म्हणाले, "भैया, ज़रा ज़ोर से ब्रेक मारके दिखाओ." मीनूने दप्तरात तोंड लपवलं.

माझे यजमान कंटाळून म्हणायचे, "बाबूजी, आप सबपे शक करते हो."

"सबपे नहीं. जिसके नीचे मेरे लोग रहते हैं, उसपे."

त्या घरात मीही सुरुवातीला दबून वागायचे. दूध उतू गेलं तरी वाटायचं, आता चौकशी होणार.

मग आम्ही वरचा मजला बांधला. काम माझ्या धाकट्या भावाने, प्रमोदने केलं. त्याचा तोच धंदा. गॅलरीचा स्लॅब टाकला तेव्हा मामाजी नेमके डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होते. परत आले आणि गॅलरीच्या दाराला आतून कुलूप लावून बसले.

वास्तुशांतीला गोंदियाची सगळी मंडळी आली. बायका वर गेल्या, तर दारात मामाजी आडवी खुर्ची टाकून बसलेले.

"मामाजी, स्लॅब टाकताना मी स्वतः उभा होतो," प्रमोद म्हणाला.

"तुमी उभे होते. अन् मजूर कुठी उभे होते? सळईवरच ना? बाहेर निघालेल्या गॅलरीत सळई वरच्या अंगाले पायजे. पाय पडला का ते खाली दबते. वरून काही दिसत नाही, अन् एक दिवस सगळी गॅलरी माणसांसकट खाली येते."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"मी पाह्यलं नाही," मामाजी एवढंच म्हणाले.

खाली पंगत बसली तेव्हा प्रमोद पानावरून उठून गेला. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. सासूबाई जवळ आल्या, मला खाली बसवलं.

"तुले कोनी सांगतलं नसन," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आंधी मले एक पोरगी झालती. सरकारी क्वार्टरात राहत होतो. छतातून माती झडे. याईनं, तुझ्या मामाजीनं, मोठ्या सायबाले विचारलं, तर सायब म्हने, छत पक्कं आहे. याईनं मानलं. मी पानी भराले गेलती, अन् छत पाळन्यावर पडलं."

त्या रडल्या नाहीत. माझ्या हातातलं पातेलं घेऊन जागेवर ठेवलं.

चार दिवसांनी मामाजींनी मिस्त्री बोलावला आणि गॅलरीचा वरचा थर भिंतीलगत थोडा फोडायला लावला. गुडघ्यावर बसून त्यांनी धूळ फुंकली, बोट घालून पाहिलं. सळई जिथे हवी तिथेच होती. आणखी एका जागी फोडायला लावलं. तिथेही बरोबर.

मला वाटलं, आता काहीतरी दुसरी खोट काढतील. ते उठले, हात धुतले आणि सदरा बदलून सासूबाईंना म्हणाले, "चाल, गोंदियाले जाऊ."

त्या वयात, त्या उन्हात, राजेगाववरून जाणाऱ्या बसने दोघं गेली. पुढचं मला प्रमोदनेच सांगितलं. मामाजी घरात शिरले नाहीत. दारातच उभं राहून, शेजारपाजारचे ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "प्रमोदभाऊ, तुमचं काम चांगलं हाये. चार लोकांत मी तुमाले बोललो, म्हनून चार लोकांतच सांगाले आलो." प्रमोदने त्यांना हाताला धरून आत नेलं. नंतर कुठलाही स्लॅब टाकायचा असला की तो गाडी पाठवून त्यांना न्यायचा, आणि मामाजी खुर्ची टाकून मजुरांच्या पायांकडे बघत बसायचे.

नव्वदीला टेकल्यावर त्यांनी अंथरूण धरलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणायचे, "सब ठीक है, बाबूजी." यजमानही तेच म्हणायचे. मामाजी दोघांच्या तोंडाकडे बघत राहायचे. एका दुपारी खोलीत मी एकटीच होते.

"सूनबाई, खरं सांग."

"ठीक नाही, मामाजी. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत." आणि सवयीने मी पिशवीकडे हात नेला. "रिपोर्ट दाखवू?"

"राहू दे," ते म्हणाले. "तू सांगतलं ना."

मग डोळे मिटून ते स्वस्थ पडून राहिले.